डॉट कॉम गेल्यावर

‘‘नाव तर गेलं!’’

ग्वाल्हेरच्या इंदरगंज चौकाजवळ, अरुंद जिना चढून गेल्यावर लागणाऱ्या एका खोलीत हे वाक्य वारंवार ऐकू येतं. म्हणणारा कधी फर्निचरवाला असतो, कधी नुकती सनद घेतलेला वकील, तर कधी शाळेतून निवृत्त होऊन दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेऊ लागलेल्या एखाद्या बाई. आदल्या रात्री मोबाइलवर त्यांनी आपल्या दुकानाचं नाव टाकून पाहिलेलं असतं, मागे डॉट कॉम लावलेलं असतं आणि हे नाव उपलब्ध नाही असं उत्तर आलेलं असतं. चेहरा असा, की आजोबांची जमीन कुणी परस्पर खसऱ्यात स्वतःच्या नावे चढवून घेतली आहे.

खोलीत वेबसाइटी बांधून देणारे जे गृहस्थ बसतात, त्यांना आळीत ‘वेबसाइटवाले’ एवढंच म्हणतात. घरात मराठी, जिन्याखाली हिंदी आणि कीबोर्डवर इंग्रजी असा त्यांचा दिवस जातो. लष्कर या भागातल्या मराठी घरांना यात नवल नाही. १८१०मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला आणि तळाचंच शहर झालं. तेव्हापासून चिटणीस की गोठ, पाटणकर बाजार, शिंदे की छावनी अशी निम्मी मराठी, निम्मी हिंदी नावं इथे सगळ्यांच्याच तोंडी आहेत. तर वेबसाइटवाले आलेल्याला आधी पाणी देतात आणि मग विचारतात, ‘‘गेलं ते कुणाकडे गेलं, बघितलंत का?’’

कुणी बघितलेलं नसतं. नाव मिळत नाही म्हटल्यावर मंडळी खचतात आणि लगेच खटपटीला लागतात. डॉट नेट लावू, डॉट ऑनलाइन लावू, मध्ये एक आडवी रेघ टाकू, शेवटी १२३ जोडू. वेबसाइटवाल्यांचं म्हणणं असं, की हव्या असलेल्या नावावर आज काय चाललंय, ते उघडून पाहिल्याशिवाय पुढचा विचार सुरूच होत नाही. तिथे आपल्याच धंद्यातलं पुण्याचं किंवा न्यू जर्सीचं दुकान जोरात चालू असेल, तर मागचं एक्स्टेन्शन बदलून तेच नाव घेणं म्हणजे पदरचे पैसे घालून त्या दुकानाची जाहिरात करणं. आपला पत्ता ऐकलेले काही लोक सवयीने डॉट कॉम टाइप करून तिकडेच जाणार. तिथे वेगळ्याच क्षेत्रातलं कुणी असेल, म्हणजे आपण अत्तरवाले आणि तिकडे पंपाचे सुटे भाग, तर डॉट इन घेऊन स्वस्थ झोपावं. तिथे जुगार किंवा तसलंच काही असेल, तर नाव कितीही लाडकं असो, सोडून द्यावं. फराळ मागवायला निघालेलं गिऱ्हाईक एकदा का भलत्या पानावर गेलं, की फोन करून सांगतसुद्धा नाही, नुसतं येईनासं होतं. आणि पान कोरं असून कोपऱ्यात ‘विक्रीला आहे’ असं लिहिलेलं असेल, तर ते प्रकरण निराळं आहे.

मुळात ही टंचाई आली कुठून? ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार मिळून एक शहर. तिन्हीकडे एकेक ‘जोशी मेडिकल’ असलं, तरी कुणाचं काही अडत नाही. ट्रेडमार्कच्या कायद्यातही वस्तू आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत, आणि एकच नाव निरनिराळ्या वर्गांत निरनिराळ्या मालकांकडे सुखाने नांदू शकतं. इंटरनेटवर मात्र डॉट कॉमखालच्या एका नावाला साऱ्या जगात एकच धनी. १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ही व्यवस्था आखली, तेव्हा दुकानांचा विचार कुणाच्या मनातही नव्हता. यंत्रांचे आकडी पत्ते माणसांना पाठ करावे लागू नयेत आणि वाढत्या यंत्रांची एकच यादी एका ठिकाणी सांभाळत बसावं लागू नये, एवढीच गरज होती. पहिलं डॉट कॉम सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीने १५ मार्च १९८५ला नोंदवलं. पुढची दहा वर्षं नाव फुकट मिळत होतं. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते १५ ऑगस्ट १९९५ला. त्याच्या पुढच्याच महिन्यात अमेरिकेत नावासाठी दोन वर्षांचे १०० डॉलर आकारायला सुरुवात झाली! आज डॉट कॉमखाली १५ कोटींहून जास्त नावं आहेत. लहान, सुटसुटीत शब्द केव्हाच संपले आणि आपली ठळक आडनावंही त्यांच्याबरोबर गेली.

ग्वाल्हेरने काही नावं मात्र वेळेवर धरली. इथेच जन्मलेल्या अमजद अली खाँ यांची वेबसाइट सरोद डॉट कॉम या नावाने आहे. वाद्याचं नाव, त्याच्या आगेमागे काही नाही. आज एखाद्या तरुण वादकाला असं नाव मिळवायचं म्हटलं, तर वाद्य विकून भागणार नाही. किल्ल्यावरच्या सिंधिया स्कूलचा पत्ता सिंधिया डॉट ईडीयू आणि विद्यापीठाचा जिवाजी डॉट ईडीयू. २००१पासून डॉट ईडीयू फक्त अमेरिकेत मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांना देतात. त्याआधी ज्यांनी घेतलं, त्यांच्याकडे ते राहू दिलं. गावातल्या नव्या कॉलेजांचे संचालक जिवाजीकडे बोट दाखवून ‘‘आम्हालाही तसंच हवं’’ म्हणतात, तेव्हा वेबसाइटवाल्यांना हा इतिहास पहिल्यापासून सांगावा लागतो. संचालकांचा त्यावर विश्वास बसत नाही.

याच गावात, नाव दुसऱ्याकडे असताना काय करावं, याचाही नमुना आहे. माधव इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स हे १९५७चं जुनं अभियांत्रिकी महाविद्यालय. आद्याक्षरं एमआयटीएस. तीच चार अक्षरं आंध्रातल्या मदनपल्लीच्या, १९९८मध्ये निघालेल्या कॉलेजाचीही आहेत, आणि एमआयटीएस डॉट एसी डॉट इन हा पत्ता त्यांच्याकडे आहे. ग्वाल्हेरचं कॉलेज वयाने चाळीस वर्षांनी मोठं, पण नावाच्या नोंदवहीत वय धरत नाहीत. त्यांनी पत्ता घेतला एमआयटीएस-ग्वालियर डॉट इन, मधल्या रेघेशिवाय, सलग. वेबसाइटवाल्यांना हा तोडगा मनापासून आवडतो. ऐकणाऱ्याला लगेच कळतं, चुकायला जागा नाही, आणि गावाचं नाव लावण्यात कमीपणाही नाही.

याच्या उलट गंमत पुणे-मुंबईकडची. व्हीआयटी डॉट ईडीयू पुण्याच्या विश्वकर्मा इन्स्टिट्यूटचं, व्हीआयटी डॉट ईडीयू डॉट इन मुंबईच्या विद्यालंकारचं आणि व्हीआयटी डॉट एसी डॉट इन तमिळनाडूतल्या वेल्लोरचं. तीन शहरं, तीन कॉलेजं, तीच तीन अक्षरं आणि फरक सगळा मागच्या दोन-तीन अक्षरांत. नियमाने तिघंही बरोबर आहेत. पण प्रवेशाच्या दिवसांत भलतंच पान उघडून बसलेल्या पालकांना त्याचं काय! एक्स्टेन्शन हा माणसं वाचतच नाहीत असा भाग आहे, हे वेबसाइटवाल्यांचं ठाम मत. याला ते अमेरिकेतल्या ओव्हरस्टॉक कंपनीचाही दाखला देतात. २०११मध्ये त्या कंपनीने मोठा खर्च करून स्वतःचं नाव ‘ओ डॉट को’ असं सुटसुटीत केलं. लोक जाहिरात बघायचे आणि ‘ओ डॉट कॉम’ टाइप करायचे. कंपनीला निमूट जुन्या नावाकडे परतावं लागलं. डॉट को हे मुळात कोलंबियाचं. २०१०मध्ये त्यांनी ते साऱ्या जगाला खुलं केलं. कॉममधला ‘एम’ छापायचा राहिला असंच वाचणाऱ्याला वाटतं, म्हणून इंदरगंजात ते कुणाला दिलं जात नाही.

गाव लावण्याचाही एक तोटा आहे. दुकान वाढलं, इंदूरला शाखा निघाली, की मागचं ‘ग्वालियर’ टोचू लागतं. निदान मुलाला टोचतं. बापाला त्याचं काही वाटत नाही. अशा बापलेकांसमोर वेबसाइटवाले ग्रासिमची गोष्ट काढतात. २५ ऑगस्ट १९४७ला, स्वातंत्र्याला दहा दिवस होत असताना, इथे बिर्लांची कंपनी स्थापन झाली: ग्वालियर रेयॉन सिल्क मॅन्युफॅक्चरिंग (वीव्हिंग) कंपनी. एवढं नाव लेटरहेडवरही मावायचं नाही. त्यातल्या आद्याक्षरांचा ‘ग्रासिम’ झाला आणि १९८६मध्ये कंपनीचं अधिकृत नावही तेच ठेवलं गेलं. तेव्हा डॉट कॉमचं वय होतं एक वर्ष, आणि बिर्लानगरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. तरी वेबसाइटवाल्यांच्या हिशेबाने नावाचे सगळे गुण त्यात आहेत. सहा अक्षरं, दुसऱ्या कुणाचं नाही, कोशात नाही, जसं ऐकू येतं तसंच लिहिलं जातं. आणि त्यातला ‘ग’ ग्वाल्हेरचा आहे हे ज्याला माहीत, त्यालाच माहीत. सिमकोही त्यातलंच, सेंट्रल इंडिया मशिनरी मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या आद्याक्षरांचं.

मग सगळ्यांनीच असं जुळवून घ्यावं का? तर नाही. जुळवलेलं नाव रिकामं असतं, ते भरायला वर्षं आणि पैसा लागतो. बिर्लांकडे दोन्ही होतं. फराळवाल्या बाईंनी आपल्या नावाची आणि सासरच्या आडनावाची अक्षरं जुळवून आणली, तेव्हा ते एखाद्या खोकल्याच्या औषधासारखं ऐकू येत होतं. त्यांच्या हातच्या चकलीला पंचवीस वर्षं ज्या नावाने लोक ओळखतात, ते नाव टाकून देण्यात काही अर्थ नव्हता.

इथून कामाचा खरा भाग सुरू होतो, आणि तो कानाचा आहे. वेबसाइटवाले गिऱ्हाइकाला खालच्या झेरॉक्सवाल्याला फोन लावायला सांगतात. नाव एकदाच बोलायचं, स्पेलिंग सांगायचं नाही. झेरॉक्सवाला भिंडचा, हिंदी बोलणारा. तो ऐकेल तसं रोमन अक्षरांत कागदावर लिहितो आणि कागद वर पाठवतो. त्या कागदाने आजवर बऱ्याच हट्टी लोकांची तोंडं बंद केली आहेत. फडके म्हटलं, की तो ‘एफ’ने सुरुवात करतो आणि फडके पिढ्यान्पिढ्या ‘पीएच’ने सही करत आलेले. भागवतातला ‘व’ कधी व्ही होतो, कधी डब्ल्यू. ‘ळ’ असेल तर एल लिहितो, क्वचित आरसुद्धा. ज्ञानेश्वर नावाचं काही असलं, तर प्रश्नच मिटला. मराठी माणूस ‘डी-एन-वाय-ए’ लिहिणार आणि ग्वाल्हेरचा हिंदी माणूस ‘जी-वाय-ए’. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण वेबसाइट त्यातल्या एकालाच सापडणार.

खुद्द या शहराच्या राजघराण्याचंच पाहा. मराठीत शिंदे, हिंदीत सिंधिया, इंग्रजी कागदपत्रांत आणखी दोन-तीन तऱ्हा, आणि रूढ झालं ते ‘एस-सी’ने सुरू होणारं स्पेलिंग, जे ऐकून कुणालाही सुचणार नाही. राजघराण्याला ते चालून जातं. पाटणकर बाजारातल्या चपलांच्या दुकानाला चालत नाही.

मराठी संकेतस्थळांतल्या सर्वांत जुन्यांपैकी एक, मायबोली, १९९६मध्ये अमेरिकेतून सुरू झालं. त्याच्या पत्त्यात ‘एम’नंतर दोन ‘ए’ आहेत. ‘मा’मधला काना रोमन लिपीतही उमटावा, असा तो बाणा. वाचकांनी तो पाठ केला, कारण मराठीत तसं दुसरं ठिकाणच नव्हतं. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला हे लाड परवडत नाहीत, असं वेबसाइटवाले म्हणतात आणि जिथे दीर्घ-ऱ्हस्वाची शंका येईल, ते नाव बाजूला ठेवतात. त्यांना स्वतःला मायबोलीचे दोन ‘ए’ फार आवडतात, हा भाग वेगळा.

एका अक्षराची किंमत न्यायालयांनीही ठरवलेली आहे. १९९९मध्ये रेडिफने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, ती ‘रेडिफ’मधल्या ई-ऐवजी ए घालून घेतलेल्या ‘रॅडिफ डॉट कॉम’विरुद्ध. ऐकायला-वाचायला दोन्ही इतकी जवळची, की लोक फसणार, हे न्यायालयाने मान्य केलं. २००४मध्ये सत्यम इन्फोवेच्या ‘सिफी’ आणि दुसऱ्या कंपनीच्या ‘सिफीनेट’ या नावांवरून भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि डोमेनच्या नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं, हे तिथे स्पष्ट झालं. म्हणूनच पुण्याच्या नामांकित मिठाईवाल्यांच्या आडनावात एक अक्षर वाढवून दुकान काढायची कल्पना घेऊन कुणी आलं, की वेबसाइटवाले त्याला जिन्याकडची वाट दाखवतात. स्वतःचं आडनाव तेच असलं, तरी जपून. पु. ना. गाडगीळ या १८३२च्या सांगलीच्या पेढीतून पुढे वेगळ्या झालेल्या पेढ्या ‘ज्वेलर्स’, ‘अँड सन्स’ अशा निरनिराळ्या जोडांनी आपली ओळख वेगळी ठेवतात. सख्ख्या कुटुंबात जे करावं लागतं, ते परक्याने तर करायलाच हवं.

वकिलांचं वेगळंच. हायकोर्टाचं खंडपीठ सिटी सेंटरला गेलं, तरी जयेंद्रगंजातल्या जुन्या इमारतीच्या आसपास वकिलांच्या पाट्या आहेतच. तरुण वकिलाला ‘बेस्ट लॉयर’ किंवा ‘टॉप अॅडव्होकेट’ असं काहीतरी हवं असतं, आणि तसली नावं काही वेळा मिळतातही. पण बार कौन्सिलच्या ३६व्या नियमाने वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८मध्ये वेबसाइटला परवानगी मिळाली, ती नाव, पत्ता, फोन, नोंदणी, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढ्यापुरतीच. तेव्हा आडनाव, त्याला जोडून ‘लॉ’ किंवा ‘चेंबर्स’, आणि डॉट इन. पाच मिनिटांत काम होतं.

डॉट इनला लोक अजूनही दुय्यम समजतात, याचं वेबसाइटवाल्यांना वाईट वाटतं. १९८९मध्ये भारताला ही अक्षरं मिळाली, तेव्हा त्यांची देखभाल मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती, आणि नियम इतके कडक, की पंधरा वर्षांत नावं भरली ती काही हजार. २००५मध्ये निक्सी या डॉट इन सांभाळणाऱ्या संस्थेने ते सर्वांना खुलं केलं. डॉट को डॉट इन, डॉट फर्म डॉट इन, डॉट इंड डॉट इन हे सगळे पर्याय तेव्हापासून सहज मिळू लागले. त्यातलं डॉट को डॉट इन जुन्या व्यापाऱ्यांना भारदस्त वाटतं, बाकीच्यांचं कुणी नाव काढत नाही. पुण्याच्या चितळे बंधूंची वेबसाइट नुसत्या डॉट इनवर आहे आणि बाकरवडी खपायची थांबलेली नाही, एवढा दाखला इंदरगंजात पुरतो. गिऱ्हाईक भारतातच असेल, तर डॉट इन पहिला पर्याय मानावा, असं ते उघड सांगतात. डॉट कॉम मोकळं असेल तर तेही घेऊन ठेवावं आणि डॉट इनकडे वळवावं.

डॉट शॉप, डॉट एक्सवायझेड वगैरे नव्या एक्स्टेन्शनांचा विषय त्यांच्याकडे लवकर संपतो. पहिल्या वर्षी चहा-समोशाच्या भावात, दुसऱ्या वर्षी रिन्यूअलला चांगलाच चिमटा. गूगलची मालक कंपनी अल्फाबेट २०१५पासून एबीसी डॉट एक्सवायझेडवर बसली आहे, असं कुणी सांगितलंच, तर ‘‘आपण अल्फाबेट झालो की घेऊ’’ असं उत्तर मिळतं. सर्वांना न मिळणारं एक्स्टेन्शन मात्र किमती असतं. रिझर्व्ह बँकेने २०२५मध्ये बँकांना डॉट बँक डॉट इनवर जायला सांगितलं आणि ३१ ऑक्टोबरची मुदत घातली, त्यामागे हाच विचार होता. हा पत्ता फक्त बँकेलाच मिळतो, म्हणून त्यावर भरवसा ठेवता येतो. नाव ज्याला त्याला मिळू लागलं, की नुसत्या एक्स्टेन्शनवरून काही ओळखता येत नाही.

आणि देवनागरी? मराठी मंडळी इथे हळवी होतात. २७ ऑगस्ट २०१४ला ‘डॉट भारत’ देवनागरीत सुरू झालं, मराठी, हिंदी, कोकणीसह आठ भाषांसाठी. आता स्पेलिंगचा घोळ संपला, असं वेबसाइटवाल्यांनाही तेव्हा वाटलं होतं. पण घोळ फक्त लिपी बदलून आला. ग्वाल्हेर लिहायचं की ग्वालियर? मराठी एक लिहिणार, अख्खं गाव दुसरं. इंदरगंज अनुस्वाराने लिहावं की अर्धा ‘न’ जोडून ‘इन्दरगंज’? कानाला दोन्ही एकच, यंत्राला दोन वेगळी नावं. शिवाय पडद्यामागे देवनागरी नावाचं रूपांतर एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि पुढे अगम्य रोमन अक्षरं अशा साखळीत होतं. काही ॲप्समध्ये ती साखळीच पत्ता म्हणून दिसते, आणि ती पाहिली की गिऱ्हाइकाला व्हायरस आल्याची भीती वाटते. कित्येक फॉर्म देवनागरी ईमेल स्वीकारतच नाहीत. तरी एखाद्या ग्रंथालयाने किंवा संगीतसभेने मागितलं, तर ते हौसेने घेऊन देतात, मात्र रोमन नावाच्या जोडीला.

आता ते विक्रीला ठेवलेलं नाव. यात मोठ्यांनीही हात पोळून घेतले आहेत. फेसबुक सुरुवातीला ‘द फेसबुक’ होतं. पुढचं ‘द’ काढायला त्यांनी २००५मध्ये २ लाख डॉलर मोजले. टेस्ला कंपनी २०१६पर्यंत ‘टेस्ला मोटर्स’च्या पत्त्यावर होती. नुसतं टेस्ला मिळवायला दहा वर्षं आणि १.१ कोटी डॉलर लागले, असं इलॉन मस्क यांनीच सांगितलं. आणि निस्सान कंपनीला तर स्वतःचं नाव मिळालंच नाही. उझी निस्सान नावाच्या अमेरिकेतल्या संगणक व्यावसायिकाने १९९४मध्येच स्वतःचं आडनाव नोंदवून ठेवलं होतं. मोटार कंपनी वर्षानुवर्षं कोर्टात भांडली आणि नाव उझी यांच्याकडेच राहिलं. आपल्याकडची ताजी गोष्ट जिओहॉटस्टारची. दोन कंपन्या एकत्र येणार असा अंदाज बांधून दिल्लीच्या एका तरुणाने २०२३मध्येच ते नाव घेऊन ठेवलं आणि २०२४मध्ये त्याच्या बदल्यात परदेशातल्या शिक्षणाचा खर्च मागितला. पुढे नाव दुबईतल्या दोन भावंडांकडे गेलं आणि तिथून कंपनीकडे.

ही गोष्ट इंदरगंजात सर्वांना ठाऊक आहे, आणि तिच्यामुळे दोन प्रकारची माणसं जिना चढतात. एक, ज्यांना उद्या उघडणाऱ्या मॉलचं नाव आज घेऊन ठेवायचं आहे. त्यांना वेबसाइटवाले हात जोडतात. नाव वाईट हेतूने घेतलं, हे सिद्ध झालं, तर डॉट इनच्या वादनिवारणात ते काढून घेतात आणि नोंदणीचे पैसेही बुडतात. दुसरे, ज्यांचं नाव कुणीतरी आधीच घेऊन विक्रीला ठेवलंय. त्यांना ते दोन गोष्टी सांगतात. एक तर उतावीळपणा दाखवू नका. दुकानाच्या ईमेलवरून चौकशी केली, की किंमत चढते. दुसरं म्हणजे आधी दुसरं बरं नाव निवडून, नोंदवून ठेवा आणि मगच घासाघीस करा, म्हणजे मनासारखं नाव नाहीच मिळालं तरी पाटी रंगवायची थांबत नाही. बहुतेक गिऱ्हाइकं या दुसऱ्या नावावरच रमतात आणि पहिल्याची चौकशी विसरतात.

नाव मिळालं, की ते कुणाच्या ईमेलवर आणि कुणाच्या खात्यात नोंदलं, हा प्रश्न उरतो. खरं तर हा पहिला प्रश्न असायला हवा. अनेक दुकानांचं नाव बांधणाऱ्याच्या खात्यात पडून असतं. तो गाव सोडून गेला किंवा भांडण झालं, की मालकाकडे फक्त पाटी उरते. म्हणून वेबसाइटवाले गिऱ्हाइकाच्या ईमेलवरून, गिऱ्हाइकाच्याच कार्डाने नाव घ्यायला लावतात आणि पासवर्ड घरातल्या आणखी एकाला माहीत हवा, असा आग्रह धरतात. मुदत संपलेलं डॉट कॉम लगेच हातचं जात नाही. नाव नोंदवून देणाऱ्या रजिस्ट्रारच्या सवलतीचे दिवस संपल्यावरही दंड भरून सोडवायला ३० दिवस मिळतात, मग शेवटचे ५ दिवस आणि त्यानंतर ते पुन्हा बाजारात. त्या क्षणाची वाट पाहणारी सॉफ्टवेअरं जगभर चालू असतात. चांगल्या चालत्या दुकानाचं नाव त्यांच्या तावडीतून सुटत नाही.

परवा चौकातल्या काही मंडळींनी नवाच प्रश्न आणला. डॉट कॉम नको, डॉट इन नको, थेट ‘डॉट ग्वालियर’च का नाही? वेबसाइटवाले खुलले. नव्या एक्स्टेन्शनांसाठी, इंटरनेटवरच्या नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅनने पुढची फेरी एप्रिल २०२६पासून जाहीर केली आणि अर्जाची फी ठेवली २ लाख २७ हजार डॉलर, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या आसपास. शहराच्या नावाने शहरासाठीच एक्स्टेन्शन काढायचं, तर तिथल्या शासनाची संमती हवी. मागच्या फेरीत डॉट टाटा मागणाऱ्या टाटा सन्सचंही अडलं होतं, कारण मोरोक्कोत टाटा नावाचा एक प्रांत निघाला! अखेर ते मिळालं, पण तिकडच्या सरकारकडे हेलपाटे घातल्यावर. दोन कोटींचा आकडा ऐकूनही मंडळी डगमगली नव्हती. वर्गणी काढू, म्हणाली. महापालिकेचं पत्र आणावं लागेल, हे कळल्यावर मात्र एकेक जण उठला, आणि त्यातल्या फर्निचरवाल्याने जाता जाता आपल्या डॉट इनचं रिन्यूअल किती झालं, ते विचारून घेतलं.